बोलणं ऐकू येईल एवढंच मशीन

मी नि बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते वाल सोलायचं. दुपारची जेवणं आटपली होती. ओट्यावर परात, परातीत कोमट पाणी, पाण्यात मोड आलेले वाल. वाल चिमटीत धरून दाबला की सालातून टुणकन उडतो. तिचे परातीत पडत होते, माझे अंगणात.

"कोंबड्या बघा कशा तुमच्याच बाजूला बसल्यात," ती म्हणाली. "त्यांना बरोबर ठाऊक हाय, कामाचं कोण नि सांडणारं कोण."

खोटं नव्हतं ते.

मग मधेच म्हणाली, "अवो, ते तुमचं मशीन विकून टाका."

मशीन म्हणजे माझ्या बेंजोचं. आमच्या धंद्यात अँप्लिफायर असं कोणी म्हणत नाय, मशीनच म्हणतात. दिवसा मी रोह्याजवळच्या एका कंपनीत कंत्राटी हेल्पर होतो, नि लग्नसराईत संध्याकाळी बेंजो पार्टीत. तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवलेला तो बेंजो, त्याच्यामागे बैलाएवढं मशीन, मशीनवर भोंगा. आमच्या भागात हळदीला बेंजो वाजला नाय तर हळद लागली असं लोक धरतच नायत. पार्टी सोडली तरी मशीन माझ्याकडेच राहिलं. घरात सरावाला बसलो की तेच लावायचो.

"विकू? नि वाजवू कशावर?"

"पेणला आमच्या धाकट्या बहिणीच्या बिल्डिंगीत एक पोरगी गिटार वाजवते. तिचं मशीन बघून आले मी. डब्याएवढं. वायर नाय, काय नाय. शेजारच्या खोलीत माणूस झोपू शकतो. तुमचं लागलं की मला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नायत."

"मग शिट्ट्यांसाठी नवीन मशीन घ्यायचं?"

"शिट्ट्यांसाठी नाय. मी बोलले तर तुम्हाला ऐकू आलं पाहिजे, एवढंच. नि मी गायले तर माझं मला ऐकू आलं पाहिजे."

ती गायची ते मला माहीत होतं. भात लावताना बायांच्या ओळीत पहिला सूर तीच धरायची. पण ते शेतातलं. घरात ती कधी गायली असेल असं माझ्या डोक्यातच आलं नाय.

"जाऊ गुरुवारी पेणला," मी म्हटलं.

"गुरुवारी माझा उपास. शुक्रवारी जाऊ."

रात्री त्या वालांचं बिरडं झकास झालं होतं. मी दोनदा भात घेतला. बुधवारी पहाटे ती गेली. छातीत दुखतंय म्हणाली, रिक्षा दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यावर मी जास्त लिहिणार नाय. लिहून ती काय उठून बसणार नाय.

चार महिने बेंजो खोळीतच होता. दुखवट्याच्या घरात वर्षभर वाद्य वाजवत नायत, मलाही वाजवावंसं वाटत नव्हतं. पण एका दुपारी बोटं इतकी शिवशिवायला लागली की मी खोळ काढली. मशीनचं बटण अगदी खाली ठेवलं. एक गोष्ट मात्र विसरलो. भोंगा पहिल्यापासून रस्त्याकडे तोंड करून ठेवलेला, तो तसाच होता. नि हाताला जे वळण होतं तेच हातातून बाहेर आलं. हळदीचं.

पाच मिनिटांत समोरच्या घरातली काकी दारात. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, तोंडात दात नायत, आवाज वाळक्या शेंगेसारखा बारीक.

"कोणाची रे हळद?"

"कोणाची नाय, काकी."

"मग वाजवतंय कोण?"

"मीच."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. न्हालेला होतो, नि त्या दिवशी सदरा नेमका धुतलेला.

"तुझी?" ती म्हणाली, नि मी काही बोलायच्या आत माघारी वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेणवरून मेव्हणीचा फोन. हिची धाकटी बहीण. जीभ तशीच, हिच्यापेक्षा थोडी जास्त धारेची.

"भावोजी, नवरी कुठली?"

"कसली नवरी?"

"खांब गावच्या बाजूची हाय म्हणतात. शिवणकाम करते म्हणे."

"शिवणकाम पण ठरवून टाकलं लोकांनी?"

"नायतर काय! ब्लाऊज कुठं शिवायला टाकायचा ते विचारायलाच फोन केला मी."

मला हसायला आलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. हसता हसता मी तिला सगळं सांगितलं, परात, वाल, गिटारवाली पोरगी, नि शुक्रवार.

"शुक्रवारचं ठरलं होतं ना?" ती म्हणाली. "मग येत्या शुक्रवारी या. बेंजो घेऊन या."

"वर्ष झालं नाय गो अजून."

"लोकांच्या दारात वाजवू नका वर्षभर. घरात बसून बोटं हलवली तर कोण देव कोपतो? तुम्ही भोंगा रस्त्याकडं केलात म्हणून नवरी लागली. गपचूप या."

शुक्रवारी मी नि मेव्हणी पेणच्या बाजारातल्या वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार चष्मेवाला, तिशीतला.

"काका, गिटार कुठाय?"

मी खोळ काढली.

"हा तर बेंजो. हे अँप गिटारचे आहेत."

"पिन तीच हाय. वायरीला काय कळतं, पलीकडं गिटार हाय का बेंजो?"

"पण तुम्ही तर वायर नसलेलं पाहिजे म्हणालात."

"मग तर भांडणच मिटलं."

तो हसला नि कामाला लागला. आधी त्याने एक गोल स्पीकर पुढे केला, मोबाइलवरची गाणी ऐकायचा. वायर नाय, स्वस्त, दिसायला नीटस. कसलीशी जोडणी करून बेंजो त्याच्यावर लावला. मी तार छेडली. बोट आधी पडलं नि आवाज मागून आला. लांब शेतात कोणी लाकूड फोडत असतो, कुऱ्हाड खाली आलेली दिसते नि ठक्‌ नंतर येतं, तसं.

"हा उशीर करतोय," मी म्हटलं.

"मला तर काही कळत नाही, काका."

"तुम्हाला नाय कळणार. हळदीत ढोलवाला असा मागून आला असता तर आम्ही त्याला जेवण न देता घरी पाठवला असता."

"बरोबर आहे, हे गाणी ऐकायलाच चांगलं," तो म्हणाला नि उचलून ठेवलं. माणूस प्रामाणिक होता.

दुसरं मशीन गुडघ्याएवढं. वायर लावायची, पण दम काय त्याचा! पहिल्याच सुराला वरच्या फळीवरची बासरी घरंगळली. खरं सांगतो, मला तेच आवडलं. तीस वर्षं आम्ही मशीन वजनावर घेतलं. दोघांना उचललं नाय तर चांगलं, चौघांना उचललं नाय तर फारच चांगलं. मी डोळे मिटून वाजवत होतो. उघडले तर मेव्हणी समोर उभी, तोंड हलतंय, शब्द काय येत नायत.

"हेच द्या," मी दुकानदाराला म्हटलं.

तिने पुढे होऊन बटणच बंद केलं.

"मी काय म्हटलं आत्ता?"

"काय म्हटलंस?"

"तेच तर! ताईनं एकच अट घातली होती. एकच. ती पण तुम्हाला पेणपर्यंत आणता आली नाय?"

दुकानदार बासरी पुसत बसला. मी खाली बघितलं. मेव्हणीचं खरं होतं. मी आलो होतो हिच्यासाठी नि घेऊन चाललो होतो माझ्यासाठी.

तिसरं मशीन म्हणजे बिस्किटांच्या मोठ्या डब्याएवढं. चार्ज करायचं, मग लाइट गेली तरी चालतं. अंगठ्याएवढी एक पिन बेंजोत खोचायची, तिची जोडीदारीण मशीनच्या पोटात असते. दुकानदाराने एक बटण फिरवून दाखवलं तर बेंजो रेड्यासारखा रेकायला लागला. "हे रॉकसाठी," तो म्हणाला. मी म्हटलं, "रेडा आत ठेवा. साधं द्या."

वायर नाय यावर माझा विश्वास बसेना. बेंजो गळ्यात अडकवून मी वाजवत वाजवत दुकानाबाहेर गेलो. मी रस्त्यावर, आवाज दुकानात. एक रिक्षावाला थांबून बघायला लागला, म्हातारा मुका बेंजो का वाजवतोय म्हणून. इतकी वर्षं कमरेला वायर गुंडाळून, नाचणाऱ्यांच्या पायांतून ती सोडवत वाजवलं. वायर तुटली की हळद थांबायची नि लोक शिव्या घालायचे. आता तुटायला काही राहिलंच नव्हतं. मला बरं वाटायला पाहिजे होतं. थोडं चुकल्यासारखंच झालं.

आत येऊन स्टुलावर बसलो. आवाजाचं बटण दोनवर ठेवलं.

"बोल," मेव्हणीला म्हटलं.

"काय बोलू?"

"काय पण. ताई बोलायची तसं. आवाज चढवू नको."

मी वाजवायला लागलो. ती काउंटरला टेकून उभी राहिली नि सुरू झाली.

"तुम्ही पाय न पुसता घरात येता. ताईनं सांगितलंय मला. ओला टॉवेल खाटेवर टाकता. चहा गरम हाय म्हणून बशीत ओतता नि गार झाला म्हणून परत मागता."

एकेक शब्द ऐकू येत होता. बोलताना शेवट लांबवायची लकब थेट हिची. मी मान खाली घालून वाजवत राहिलो.

"नि तुम्ही सरावाला बसलात की ताई परसात जायची. तुम्हाला वाटायचं आवाजाला कंटाळून जाते."

"मग?"

"गायची. तुमच्या वाजवण्यावर. भातलावणीची गाणी, बांधावरची. मोठ्यानं. म्हणायची, हे मशीन चालू हाय तोवर कोणाला काय ऐकू येत नाय, मनसोक्त गाता येतं. पण शेवटी शेवटी म्हणायची, आपलं आपल्याला पण ऐकू येत नाय गो."

"मला कधी सांगितलं नाय."

"तुम्ही कधी मशीन बंद केलंत?"

बोटं चालूच होती. थांबलो असतो तर तिथेच बसलो असतो रडत, नि दुकानात ते बरं दिसत नाय. बटण दोनवरच होतं. दुकानदार बिलबुक उघडून बसला होता, पण पेन काय चालवत नव्हता.

"हे बांधा," मी म्हटलं.

निघताना मेव्हणीने पोह्याचे पापड दिले, नि फडक्यात घट्ट बांधलेले मोड आलेले वाल. "सोला घरी जाऊन. बघू कोंबड्या कुठं बसतात." एसटीत खोकं मांडीवर घेतलं. वडखळला गाडी भरली तरी खाली ठेवलं नाय. कंडक्टर म्हणाला, "काका, मिक्सर का?" मी म्हटलं, "व्हय." कोण एवढं सांगत बसणार?

घरी आलो तेव्हा दिवे लागले होते. जुन्या मशीनचा भोंगा काढून पोटमाळ्यावर टाकला. नवीन मशीन चार्जिंगला लावून झोपलो.

सकाळी चहा घेतला, बशीत ओतूनच. ओट्यावर परात मांडली नि वाल सोलले. उडाले त्यातले निम्मे अंगणात, नि कोंबड्यांना काय, त्यांची सोयच झाली. मग हात पुसून बेंजो घेतला. बटण दोनवर. हळदीचं येत होतं ते मागे सारलं नि लावणीचं गाणं शोधायला लागलो. ते मी कधी वाजवलेलं नव्हतं, फक्त बांधावरून ऐकलेलं. थोडा वेळ चाचपडलो, मग सापडलं. त्या गाण्यात पहिली ओळ एकटी बाई म्हणते नि दुसरी बाकीच्या मिळून उचलतात. पहिली ओळ हिची असायची. म्हणून तेवढ्यापुरता मी हात वर धरून थांबलो. मग दुसरी वाजवली. परत थांबलो, परत वाजवली.

समोर काकी अंगण झाडत होती. खराटा तसाच धरून तिने माझ्याकडे बघितलं.

"हे हळदीचं नाय," ती तिच्या त्या बारीक आवाजात म्हणाली.

मधे रस्ता होता, बेंजो चालू होता, तरी मला लख्ख ऐकू आलं.

"नाय काकी. लावणीचं हाय."

"वाल सोललेस ना? एकट्यापुरते का दोघांपुरते?"

"एकट्यापुरते."

"मग वाटीभर बिरडं इकडं आण. नि खोबरं वाटून घाल, नुसतं किसून टाकू नको."

"वाटूनच घालतो," मी म्हटलं, नि हात न थांबवता दुसरी ओळ उचलली.