नवाबाची शाल

निजामाच्या राज्यातली गोष्ट. बायकोच्या पोटात गाठ झाली. मोठा इलाज हैदराबादलाच व्हायचा, म्हणून आम्ही औरंगाबादेहून रेल्वेत बसलो. थंडीचे दिवस, त्यात तिला ताप. एका लुगड्यात ती कुडकुडत होती अन् मी नुसता बघत होतो.

समोर एक म्हातारा विणकर होता. नाव विचारायचं राहिलं. मांडीवरचं गाठोडं तो तान्ह्या लेकरासारखं सांभाळायचा. शेजारी हैदराबादचा एक कारकून बढाई मारत होता, "अपनी सरकार दुनिया में सबसे अमीर है!"

"व्हय की," म्हातारा म्हणाला, "आमच्या गल्लीत रोज दिसतंय."

डबा हसला. मग म्हाताऱ्यानं गाठोडं सोडून रेशीम-सुताची नवी कोरी हिमरू शाल काढली. या शालीच्या उलट्या बाजूला धागे सुटे असतात. त्यात बांगडी अडकू नये म्हणून त्यानं नक्षीची बाजू आत केली अन् शाल बायकोच्या अंगावर घातली. "पांघर, बेटी."

कारकून दचकला. "चाचा, ये तो नवाबसाब की लगती है! पता चला तो?"

"त्यांच्याकडं शालींच्या पेट्या हायेत, साहेब. थंडी तेवढी सगळी आमच्याकडं ठेवलीय."

बायको हैदराबादपर्यंत शांत झोपली. म्हाताऱ्यानं शालीवरून हात फिरवला, घडी घालून गाठोड्यात बांधली अन् गर्दीत गेला.

ती बरी झाली, लई वर्षं जगली. यंदा गेली. पोरांनी तिच्या अंगावर भारी हिमरू घातली, लोकांनी नावाजली. मी म्हणालो, "आता कशाला? तिला थंडी वाजत होती, तेव्हा घातली होती एकानं."