धंद्याचा खुलासा

आमच्या कचेरीच्या जीपवर जे ड्रायव्हरकाका होते, त्यांच्याइतका माणसांचा लोभी माणूस जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत शोधून सापडला नसता. साहेबांना घेऊन भीमाशंकरच्या रस्त्याला लागले, की वाटेने चालणारा प्रत्येक जण त्यांना ओळखीचा वाटे. 'कुठं निघालं पावणं?' असं विचारत ते गाडी थांबवत आणि बघता बघता मागची बाकं भरून जात. एकदा तर साहेबांना एका म्हातारीची कोंबडी मांडीवर धरून दौरा करावा लागला. ते रागावले, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "मोकळी गाडी लई आवाज करती, साहेब."

घरही त्यांचं मोकळंच होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलती मुलगी लग्न होऊन लांब सोलापूरकडे गेली होती. नारायणगावच्या दोन खोल्यांतून निघताना काका टीव्ही चालूच ठेवत. परत आल्यावर आत कुणी बोलत असलं, की कुलूप काढायला बरं वाटतं, असं त्यांचं म्हणणं.

नव्वदचं दशक सरता सरता त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पुण्याच्या दवाखान्यात जीव वाचला, पाय सुधारला, पण उजवा हात ऐकेना. डॉक्टरांनी ऑक्युपेशनल थेरपीला पाठवलं. तिथल्या बाई त्यांच्याकडून वाटाणे सोलून घेत, कणीक मळून घेत, गुंड्या लावून घेत. दर आठवड्याला काका एसटीने जात आणि आल्यावर नवा धडा कचेरीभर सांगत. सरावासाठी लोकांच्या भाज्या मागून घेत. आमच्या टायपिस्ट बाईंची मेथी त्यांनी एवढ्या निगुतीने निवडली, की ती घरी जाईपर्यंत वाळून गेली.

त्यांचं वैद्यकीय बिल मीच तयार केलं होतं. दवाखान्याचा खर्च मंजूर झाला, थेरपीचा अडकला. दाखल्यावर शुद्ध मराठीत 'व्यवसायोपचार' असं लिहिलेलं होतं. आमच्या हेडक्लार्कनी त्यावर शेरा मारला, 'सदर कर्मचारी शासकीय सेवेत असताना कोणता व्यवसाय करतात, याचा खुलासा घ्यावा.' हा धंदा नव्हे, उपचार आहे, असं मी परोपरीने सांगितलं. त्यावर कणीक मळणं औषधात कधीपासून धरू लागले, असा त्यांचा प्रश्न. तोवर काकांच्या पदरचं सगळं संपलं होतं. पुण्याची फेरी बंद पडली आणि थोडीफार वळू लागलेली बोटं पुन्हा आखडायला लागली.

शेवटी खुलाशासाठी साहेबांनी काकांना समोर बोलावलं. हे साहेब नवीन होते, कोंबडीवाले नव्हेत.

"धंदा कसला, साहेब," काका म्हणाले. "शर्ट घालायचा, भाकरी थापायची, कुलूप लावायचं. मानूस रोज करतंय तेच शिकवत्यात."

साहेबांना ते पटेना. ही घरातली कामं, त्यात घरच्यांनी मदत करावी, याला उपचार कसं म्हणायचं, असं ते म्हणाले. उभ्या उभ्याच काकांनी डाव्या हाताने शर्टाच्या गुंड्या सोडल्या आणि उजव्या हाताने लावायला घेतल्या. गुंडी काजापाशी यायची आणि निसटायची. टाइपराइटर थांबला, एकेक जण उठून बघू लागला. साहेबांना ते बघवेना. ते उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी गुंडीला हात घातला. काका एक पाऊल मागे सरकले.

"ऱ्हाऊ द्या, साहेब. आज तुमी लावाल. उद्या सकाळी कोन लावनार?"

साहेब तसेच उभे राहिले. शेवटची गुंडी लागेपर्यंत कचेरीतलं कुणी बसलं नाही. मग साहेबांनी स्वतःच्या हाताने शिफारस लिहिली, आणि हेडक्लार्कनी शिक्का पुढे केला.

बिल मंजूर झालं, फेरी पुन्हा सुरू झाली. हात कामापुरता आला, पण जीप काही परत मिळाली नाही. निवृत्तीपर्यंत काका कचेरीच्या दाराशी बाकावर बसून येणाऱ्याला गाव विचारत राहिले.

पुढे काही वर्षांनी नारायणगावला गेलो होतो, तेव्हा त्यांच्याकडे डोकावलो. त्यांनी स्वतः चहा केला आणि उजव्या हाताने, थेंबही न सांडता, कपात ओतला. मी तारीफ केली, तर लाजले. बोलता बोलता उन्हं उतरली, आणि स्टँडवर जुन्नरची प्रवासी जीप भरत आली असेल म्हणून मी उठलो.

"बसा की, भाऊसाहेब," ते स्टोव्हकडे बघत म्हणाले. "आदन परत ठिवलंय मी."

पातेल्यातलं पाणी खरंच उकळत होतं. चहा मला नको होता. मी चपला पुन्हा काढल्या आणि बसलो.