रोलातला पहिला फोटो

रामाकोन्याच्या पुंडलिकरावांना पंचावन्नाव्या वर्षी कॅमेऱ्याचं वेड लागलं आणि गावाला हसायला आयतं कारण मिळालं. संत्र्याची बाग सांभाळणारा साधा माणूस, पण चौऱ्याऐंशी साली नागपूरहून जुना रशियन कॅमेरा घेऊन आला. रोलही दुकानदारानंच भरून दिला. घरी मूलबाळ नव्हतं. कौतुक करायला आणि करून घ्यायला नवरा-बायको दोघंच.

मनकर्णाबाईंचा जन्मात धड फोटो नव्हता. पुतणीच्या लग्नात निघाला होता, त्यात नुसता पदर आला. पुंडलिकरावांनी त्यांना बागेच्या बांधावर उभं केलं. पौषातलं ऊन होतं. बाई गर्रकन वळल्या.

"अवो, दक्षिणेकडं तोंड करून मी नाही उभी राहत. यमाची दिशा आहे थे."

"बरं बाई, उत्तरेकडं पाहाय. पण हास जरा."

त्या हसल्या, पुंडलिकरावांनी खटका दाबला. महिन्याभरात काविळीनं बाई गेल्या.

तेरवी उरकल्यावर पुंडलिकराव जवळच्या सौंसरला, तरण्या सुधाकरच्या फोटो स्टुडिओत रोल धुवायला गेले. तो म्हणाला, "एका फोटोसाठी रोल काहून वाया घालवता, काकाजी? संपवून आणा. तवर मी शिकवतो." पोरगं बोलघेवडं, पण शिकवायचं मनापासून. ऊन कडक असलं की भिंगाचं भोक लहान करायचं, सांजावलं की मोठं. उडणारं पाखरू धरायचं तर खटका झटकन पडला पाहिजे. एक दिवस चहा पिता पिता तो म्हणाला, "आन सूर्य मानसाच्या मांगं कधी ठेवाचा नाही. चेहरा काळाच येते."

पुंडलिकरावांच्या हातातला कप तसाच राहिला. थंडीत सूर्य दक्षिणेकडून जातो, हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. आणि मनकर्णाबाई तर उत्तरेकडं तोंड करून उभ्या होत्या. पुंडलिकराव घरी येऊन कॅमेरा मांडीवर घेऊन बसले.

त्या दिवसापासून रोल संपवायची घाई गेली. तो आत आहे तोवर मनकर्णा हसते आहे, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं. कॅमेरा गळ्यात अडकवून ते कन्हानच्या काठानं एकटेच फिरत. नांगरामागून चालणारे बगळे, दवानं जड झालेलं कोळ्याचं जाळं, पानं गळून गेलेला पळस. पंधरवड्यात एखादा खटका. सकाळचं ऊन पाण्यात कुठून शिरतं, खंड्या कोणत्या फांदीवर परत येतो, सगळं पाठ झालं. एकदा जाळ्यातला थेंब फुटताना पाहून ते मागं वळून म्हणालेसुद्धा, "पाहाय वं!" मागं तुरीचं रान होतं. फार वाईट वाटलं त्यांना. घरी जाऊन भाकर थापायचाही कंटाळा केला.

दुसऱ्या उन्हाळ्यात रोल संपला. कितीही जपून वापरला तरी संपायचाच.

सुधाकरनं फोटो काढून समोर मांडले. बगळे झकास आले होते. "तुमी तर मले मांगं टाकलं, काकाजी! पहिला तेवढा गेला. पार काळा. म्हून कागदावर नाही काढला."

"थे माही मनकर्णा आहे, बापू."

सुधाकरचं तोंड उतरलं. तो त्यांना हाताला धरून डार्करूममध्ये घेऊन गेला. लाल दिव्याखाली त्यानं निगेटिव्हमधून उजेड पाडलेला कागद औषधाच्या तबकात सोडला आणि तबक हळूहळू हलवू लागला. आधी लुगड्याची कड उमटली, मग खांदा. मग करड्या चेहऱ्यावर भुवया, नाक, हसतानाचे दात.

"आली!" पुंडलिकराव ओरडलेच.

तोवर चेहरा भरत गेला. डोळे बुडाले, दात बुडाले, उरला काळा डाग. सुधाकरनं दुसरा कागद घेतला. तो लवकर उचलला तर नुसता राखेसारखा फराटा राहिला. तिसऱ्यात ती पुन्हा आली, हसली आणि बुडाली. पोरगं घामाघूम झालं, पण हटेना. पुन्हा कागदाच्या पाकिटाकडं वळलं.

पुंडलिकरावांनी त्याचा हात धरला.

"राहू दे, बापू. किती वेळा जाऊ देऊ तिले?"