पहिल्या वर्षाची मुशी

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला काय काय होतं, हे मला आधीच पुष्कळ जणांनी सांगून ठेवलं होतं. मुंबईच्या मामाने सांगितलं, लेक्चरं बुडवली तरी कोणी विचारत नाही. शेजारच्या ताईने सांगितलं, सगळं इंग्रजीत असतं, सुरुवातीला नुसती मान डोलवायची. बारावीच्या बाईंनी सांगितलं, तुझ्या तोंडाला जरा आवर घाल, प्रत्येक गोष्टीला उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. तिघांचंही खरं निघालं. पण माझं पहिलं वर्ष ज्या गोष्टीपाशी अडलं ती यातल्या कोणाच्याच डोक्यात आली नव्हती. ती गोष्ट म्हणजे मुशी.

मुशी हा लहान जातीचा शार्क आहे, हे मला कॉलेजात कळलं. आमच्या घरी ती नुसती मुशी होती. कातडं खरखरीत, काट्यांचा त्रास नाही, सुकं झकास होतं आणि बाळंतिणीला आवर्जून देतात, एवढी तिची माहिती मला पुरत असे. आम्ही मांडवीला राहायचो. वडील लाँचवर, एकदा गेले की आठवडाभर समुद्रावर. आई रत्नागिरीच्या बाजारात मासे विकायला बसायची आणि शाळेत असल्यापासून मी तिच्या शेजारी विळी घेऊन. आईने भाव करायचा, मी मासा कापून द्यायचा. मोठ्या बहिणीचं लग्न झाल्यावर ते काम आपसूक माझ्याकडे आलं होतं. त्यातच आईच्या उजव्या अंगठ्याचा सांधा धरायला लागला. भाव करायला तिचा आवाज खणखणीत होता, पण विळीवर चार मासे कापले की ती हात पदरात गुंडाळून बसायची.

त्यामुळे नव्याण्णव साली मी बी.एस्सी.ला जाते म्हटलं, तेव्हा घरात कोणी पेढे वाटले नाहीत. वडील म्हणाले, "आयेला विचार." आई बरेच दिवस काही बोललीच नाही. मग एका संध्याकाळी टोपली धुता धुता म्हणाली,

"एक वरीस जा. सकाळी माझ्यासंगती बसायचं, मग कालेज. पुढचं मे महिन्यात बघू."

"बघू म्हणजे काय?"

"बघू म्हणजे बघू."

आईचं 'बघू' मला चांगलं माहीत होतं. नव्या सायकलचं तिने असंच बघितलं होतं, आणि सहलीचं तर दोनदा. तरी मी हो म्हटलं. एक वर्ष तर पदरात पडत होतं.

मग सकाळी बाजार आणि तिथून घरी येऊन, अंघोळ करून कॉलेज असा माझा दिवस सुरू झाला. साबणाने वास जात नाही, म्हणून मी मागच्या दारी जाऊन अर्धं लिंबू हातांना चोळायची. नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, सगळं. साल केळीच्या बुडाशी टाकायची. आई अधूनमधून कुरकुरायची, "या घरात लिंबं खातंय तरी कोण?" मी वहीत डोकं घालून बसायची.

वर्गात बरीचशी मुलं डॉक्टर व्हायचं राहून गेलेली होती. बारावीत थोडक्यात हुकलेली, आणि त्या थोडक्याचं दुःख चेहऱ्यावर घेऊन फिरणारी. मला कुठलंच दुःख नव्हतं, म्हणून मी जरा उठून दिसायची. झूलॉजीच्या प्रॅक्टिकलला एका टेबलावर दोघं असत. माझ्या टेबलावर आली ती आंब्याच्या बागायतदाराची मुलगी. घरात कांदा-लसूणसुद्धा सणवार बघून खाणारी. चित्रं मात्र अशी काढायची की पुस्तकातलं चित्र तिच्या चित्रावरून काढलं असेल असं वाटावं. पहिल्याच दिवशी ती नाकाला रुमाल लावून म्हणाली, "मला हे जमणार नाही गं." मी म्हटलं, "तू चित्र काढ, कापायचं माझ्यावर सोड." माझ्या आवाजात ऐट होती, ती आजही मला ऐकू येते.

बारावीत आम्ही एक बेडूक पाहिला होता, तोही सरांनी कापून ठेवलेला. इथे पावसाळा सरून लाँचा बाहेर पडू लागल्यावर प्रत्येक टेबलावर मेणाच्या ट्रेमध्ये एकेक मुशी आली. ताजी, त्या सकाळची. सर फळ्यावर इंग्रजीत बरंच काही सांगत होते. त्यातलं 'पोट उघडा' एवढं मला नीट समजलं. बाकीची मुलं कात्री कुठून धरायची यावर चर्चा करत होती, तोवर माझा हात चालू झाला. शेपटीकडून वर एक सरळ काप, दोन बोटं आत, एक ओढ. पोट रिकामं. काळीज, म्हणजे यकृत, तेवढं मी बाजूला ठेवलं, कारण त्याचं तेल निघतं म्हणून आमच्याकडे ते टाकत नाहीत. बाकी सगळं टेबलाखालच्या डब्यात. मग नळाखाली आतून धुऊन, पाणी झटकून मी मुशी ट्रेमध्ये परत ठेवली. वर्गात माझं सगळ्यात आधी झालं होतं.

सर आले. चष्मा वर करून त्यांनी पाहिलं.

"फार स्वच्छ केलंय," ते म्हणाले. "पण मला जे बघायचं होतं ते कुठे आहे?"

"डब्यात आहे, सर."

"कुठल्या डब्यात?"

"कचऱ्याच्या."

अख्खी बॅच हसली. मागच्या टेबलावरचा एक जण म्हणाला, "आता मीठ-मसाला लाव." मी म्हटलं, "लावते, पण तू जेवायला येऊ नकोस." पुन्हा हशा झाला, पण या खेपेला माझे कान तापले होते. सर हसले नाहीत. त्यांनी जर्नलवर शेरा मारला, पुन्हा करणे, आणि पुढच्या टेबलाकडे गेले. जी गोष्ट मला वर्गात सगळ्यांपेक्षा चांगली येत होती तीच चुकली, याचा मला इतका राग आला की घरी येईपर्यंत मी ठरवूनच टाकलं होतं.

"उद्यापासून मी कॉलेजात जाणार नाही," मी आईला सांगितलं. मला वाटलं, तिला बरंच वाटेल. तिने विचारलं, "काय झालं गो?" मी सगळं सांगितलं. डब्यापर्यंत आले आणि आई हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. माझ्या बाजूने बोलेल असं एक माणूस होतं, तेही असं. मग डोळे पुसून म्हणाली,

"पण मला सांग, ती घाण ठेवून करतात काय?"

"बघतात."

"बघतात?" तिने पदर सारखा केला. "मग बघून ये. एक वरीस ठरलंय ना आपलं? भाव ठरला की ठरला. मधेच टोपली उचलून निघायचं नाय."

मी चडफडत दुसऱ्या दिवशी गेले.

पुन्हा मुशी, पुन्हा तोच ट्रे. हात सवयीने धावायचा आणि मी तो मागे ओढायची. इतकी वर्षं झटपट करण्याबद्दल शाबासकी मिळवलेला हात सावकाश चालवणं फार अवघड असतं. टेबलावरची मैत्रीण पेन्सिल घेऊन थांबलेली असायची. "थांब ना," ती म्हणायची, "तू एवढं भरभर करतेस की मला काही दिसतच नाही." मला तिचा राग यायचा. पण ती प्रत्येक गोष्टीपाशी बोट नेऊन "हे काय?" विचारायची, आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. हजारभर मुश्या कापल्या असतील मी, आणि काळीज सोडून आतल्या कशालाच माझ्याकडे नाव नव्हतं. सगळी एकजात घाण. मग आम्ही दोघींनी पुस्तक उघडून एकेकाचं नाव शोधायला सुरुवात केली. हे जठर, ही प्लीहा, हे आतडं, आणि त्याच्या आत जिन्यासारखा वळत गेलेला पडदा. तो पडदा पहिल्यांदा सापडला तेव्हा माझी मैत्रीण रुमाल विसरून ट्रेवर इतकी वाकली की तिच्या वेणीचं टोक आत पडलं. तिच्या घरी तिच्या आईने तिला अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. पुढे दर प्रॅक्टिकलला हेच होऊ लागलं, आणि ती मोठ्या अभिमानाने ते सगळ्यांना सांगायची.

घरीही रविवारी मुशी आणली की मी तासभर लावू लागले. मांजर दारात ओरडून ओरडून दमायचं. आई म्हणायची, "मुशी कापतेस की मुशीची पूजा करतेस? बापूस उपाशी बसलाय." पण एकदा ती स्वतःच पाट ओढून शेजारी बसली आणि विचारलं, "हे काय?" मी सांगितलं. "आणि हे?" मी तेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, मग उठताना म्हणाली, "जन्मभर आम्ही घाणच म्हटली." रस्सा त्या दिवशी उशिरा झाला.

वार्षिक परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर मी मुशी उघडली. एकही अवयव जागचा हलला नाही. त्यांनी काठीने दाखवून विचारलं, मी नावं सांगितली, अडखळत पण बरोबर. त्यांनी विचारलं, "हात चांगला आहे. कुठे शिकलात?" मी म्हटलं, "बाजारात." बारावीच्या बाईंचा तोंड आवरायचा सल्ला तेवढ्यापुरता राहिलाच.

मग मे महिना आला. कॉलेज बंद, म्हणून मी पूर्ण दिवस आईबरोबर बसू लागले. मुंबईची माणसं गावी आलेली, गिऱ्हाईक भरपूर. आईचा अंगठा आता सुजूनच असायचा. विळीवर ती बसतच नव्हती. कोणी विचारलं, "पोर आता इथंच का?" तर आई म्हणायची, "बघू." मी खाली मान घालून कापत राहायची. वर्ष पुरं झालं होतं, भाव तेवढ्याचाच ठरला होता. तिचा अंगठा मला दिसत होता, त्यामुळे पुढचं मागायला तोंड उघडत नव्हतं. मला कॉलेज हवं होतं, इतकं हवं होतं की परत जायला मिळालं नाही तर मी आईवर जन्मभर चिडून राहीन अशी मला भीती वाटायची.

मे महिना संपता संपता निकाल लागला. मी पास झाले होते. घरी सांगितलं, आणि पुढे काहीच बोलले नाही. दुसऱ्या वर्षाचे प्रवेश सुरू झाले, तेही सांगितलं नाही.

मग एका सकाळी माझी मैत्रीण मासळी बाजारात आली. जन्मात पहिल्यांदा आली असेल. ओल्या फरशीवर टाचा उचलत, नाकाला रुमाल लावून ती लांबच उभी राहिली आणि तिथूनच ओरडली, "अगं, उद्या शेवटचा दिवस! पालकांची सही लागते!" आणि वळून जवळजवळ पळालीच. बाजारातल्या सगळ्या बायांनी मान वर केली. आईने मात्र हातातला बांगडा खाली ठेवला नाही.

"कोण गो ती?"

"माझ्या टेबलावरची."

"हं," म्हणून आई पुढच्या गिऱ्हाइकाशी भाव करू लागली.

दुसऱ्या दिवशी मी उठले तर टोपली कोपऱ्यात तशीच होती. आई घरात नव्हती. मागच्या दारी गेले. आई केळीपाशी दगडावर बसली होती, लग्नकार्यात नेसते ती साडी नेसून. हातात अर्धं लिंबू होतं. सुजलेल्या अंगठ्याने ते दाबता येत नव्हतं, म्हणून ती डाव्या तळव्याने चोळत होती. नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, सगळं. मी करायची अगदी तसंच.

"कुठे निघालीस?"

"कालेजात. सही मागतात ना? बापसाची लाँच अजून आली नाय, मग मीच करते." मग हात नाकाशी नेऊन म्हणाली, "जाईना गो वास. तुझ्या कालेजात माणसं काय म्हणतील?"

मी पुढे होऊन तिच्या हातातलं लिंबू काढून घेतलं.

"असू दे, आये. तिथे आमच्या सगळ्यांच्या हातांना मुशीचाच वास येतो. काल आली होती ना, तिच्यासुद्धा."

आईने माझ्याकडे पाहिलं.

"मग तू वरीसभर कशाला लावत होतीस?"

मी तिच्या शेजारी दगडावर बसले आणि रडले. आईने मला रडू दिलं, मग म्हणाली, "चल, उशीर होतोय, सही करायला मला वेळ लागतो." मी लिंबू केळीच्या बुडाशी टाकलं, आणि आम्ही दोघी तशाच हातांनी रिक्षात बसलो.