तोरंजनाच्या फोडी

बाबांना कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली आणि माझ्या जिवाला थारा उरला नाही. आई नाही, घरात आम्ही दोघंच. त्यांना काही झालं तर मी कोणाच्या तोंडाकडे बघायचं? गोळीच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद मी एसटीत उभ्या उभ्याच वाचून काढला. त्यात लिहिलं होतं, ग्रेपफ्रूट खाऊ नये. म्हटलं, घ्या, हे परदेशी फळ आमच्या तोंडवली गावात कोण आणून देणार आहे? तेवढी एक काळजी मिटली.

बाकीच्या मी स्वतःच मागे लावून घेतल्या. सुंगटं-कोळंबी बंद, कुर्ल्या-खेकडे बंद, आमटीतलं खोबरं निम्मं. बाबा बापडे मुकाट जेवायचे. कुरकुर केली असती तर परवडलं असतं.

मग चतुर्थी आली. आमच्याकडे गणपतीच्या वर लाकडी माटवी टांगतात आणि तिला रानातली फुलंफळं बांधतात. त्यात तोरंजन हवंच. शहरात त्याला पपनस म्हणतात, नारळाएवढं, जाड सालीचं. विसर्जनानंतर माटवीतलं उतरवलं, सोललं आणि बाबांपुढे ठेवलं. त्यांनी खाल्लं. मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू. चला, निदान हे तरी देता येईल. परसातलं झाड फळांनी लगडलेलंच होतं. रोज सकाळी मी पायरीवर बसायची, साल काढायची, पांढरा पापुद्रा सोडवायची आणि वाटीभर फोडी गोळीसोबत त्यांच्या हातात द्यायची.

दोनेक आठवड्यांनी बाबांच्या मांड्या धरल्या. रोज सकाळी रापणीचं जाळं ओढलेलं बघायला किनाऱ्यावर जाणारा माणूस खुर्चीतून उठताना भिंतीला हात लावायला लागला. "म्हातारपण ता," म्हणाले. मी तेल चोळलं, शेक दिला, आणि ताकद यावी म्हणून फोडी वाढवल्या. एके दिवशी ते सहज बोलून गेले, लघवी काळ्या चहासारखी होते. तासाभरात रिक्षा करून त्यांना डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी खायला काय देता विचारलं. मी फुशारकीने सगळी यादी सांगितली. मी तोरंजनापाशी आले तसा त्यांनी हात वर केला. म्हणाले, ग्रेपफ्रूट याच जातीचं. ही गोळी पोटात जेवढी मोडायला हवी तेवढी या फळामुळे मोडत नाही, रक्तात नको तेवढी चढते, आणि मग स्नायू झिजतात. मूत्रपिंडावर येऊ शकतं. गोळी थांबवली, रक्त तपासायला घेतलं, सलाईन लावलं.

तो अहवाल येईपर्यंत मी त्या दवाखान्याच्या ओट्यावर किती येरझाऱ्या घातल्या त्याला गणती नाही. शेजारची बाई म्हणाली, बसा हो. कशी बसणार? ज्या हातांनी कुर्ल्या काढून घेतल्या, त्याच हातांनी मी रोज सकाळी त्यांना हे भरवत होते. स्वतःचा इतका राग मला आयुष्यात आला नव्हता.

मूत्रपिंडं शाबूत निघाली. चार दिवसांनी घरी आलो, बरोबर दुसरी गोळी आणि ताकीद. बाबा हळूहळू पायरी चढले, खुर्चीत टेकले. मी लगेच आत-बाहेर सुरू केलं. पाणी, उशी, पंखा.

"म्हणजे आता तोरंजन खावचा नाय मां?" त्यांनी विचारलं.

"नाही. कधीच नाही."

"बरा झाला. माका ता कधीच आवडूक नाय. कडू लागता."

मी दारातच थांबले. "मग इतके दिवस खाल्लंत कशाला?"

बाबांनी खाली बघत मांडी चोळली. "तू ता सोलूक बसतस मां गो, तितको वेळ तरी एका जाग्यार रवतस. म्हणान खाय होतंय."