हजार अक्षरांची तक्रार

रायपूरला टायपिंग शिकताना पहिल्याच दिवशी डोक्यात भरवलं होतं, पाच ठोके म्हणजे एक शब्द. स्पेसचा ठोकाही त्यातच. त्या हिशोबानं परीक्षा पास झाले, तिथल्याच तेलीबांध्याच्या सरकारी ऑफिसात चिकटले. नवं राज्य, नवी राजधानी, साहेबांना सगळंच ऑनलाइन करायची हौस. रकान्याखाली अक्षरांची मर्यादा लिहिलेली असायची. मी पाचनं भागून साहेबांना शब्द सांगायची. सरकारी मजकुराची शेपटी तुटली तरी कुणाचं काही अडत नाही, म्हणून माझी चूक कधी कुणाला कळलीच नाही.

मग अभनपूरच्या सासरहून ताई आली, माझी सख्खी थोरली बहीण. कानामागे रक्त सुकलेलं, पाठीवर पट्ट्याचे वळ, साडीला रॉकेलचा वास. नवऱ्यानं स्वयंपाकघरात कोंडून तिच्या अंगावर रॉकेल ओतलं होतं. काडीपेटी ओली निघाली म्हणून ती वाचली होती.

माझं डोकंच फिरलं. "त्याले मी कापून टाकते," म्हटलं.

"कापू नको," ताई म्हणाली. "लिहून दे."

बायकांच्या तक्रारींसाठी सरकारी साइट होती, मर्यादा हजार अक्षरांची. म्हणजे दोनशे शब्द. हिंदीत लिहायला बसले, आणि आपली अर्जाची रीत काही सुटेना. आधी महोदया, सविनय निवेदन, लग्न कधी झालं, मुलं किती. मग पहिली थप्पड, मग पट्टा, मग भिंतीवर आपटलेलं डोकं. सगळ्यात मोठं ते सगळ्यात शेवटी. मोजून दोनशे शब्द दुसरीकडे टाइप केले, रकान्यात चिकटवले, बटण दाबलं. हिरवी खूण आली.

चार दिवसांनी तक्रारी बघणाऱ्या ऑफिसात नवरा-बायकोला बोलावलं. मला बाहेर बसवलं, पण दार उघडंच होतं. तिथल्या समुपदेशक मॅडमनी अर्ज मनातल्या मनात वाचला आणि म्हणाल्या, "देखिए दीदी, मारपीट तो ग़लत है, पर घर मत तोड़िए." तो मेला नवरा हात जोडून बसलेला. ताईनं समझोत्याचा कागद पुढे ओढला. सही करून त्याच्या मागून निघाली.

मी तिचा दंड धरला. "काहून जाऊन राहिली?"

"जाऊ दे," ती म्हणाली.

आठव्या दिवशी त्यानं तिचा हात चौकटीत धरून दार लोटलं. तीन बोटं मोडली. हॉस्पिटलच्या गेटवर तो दिसला तेव्हा मी चप्पल काढली आणि लोकांनी ओढून नेईपर्यंत त्याच्या तोंडावर हाणत राहिले. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

नवा अर्ज लिहायला जुन्याची प्रत काढली. शेवटची ओळ होती, "और परसों शाम पति ने". पुढे काहीच नाही. पाच ठोक्यांचा शब्द परीक्षेपुरता खरा. साइटवर काना, मात्रा सगळं वेगळं मोजलं जातं, छळाला हिंदीत लिहिलेली 'प्रताड़ना' एकटीच आठ अक्षरं खाते. हजाराच्या पुढचं त्या रकान्यानं मुकाट्यानं कापलं होतं, आणि मी खाली सरकवून बघितलंही नव्हतं.

प्रत घेऊन ताईच्या खाटेजवळ गेले. हिशोब माझा चुकला, रॉकेलचं त्यांच्यापर्यंत गेलंच नाही, असं सांगितलं. ती मला शिव्या घालेल असं वाटलं होतं. तिनं बऱ्या हातानं कागद ओढून घेतला.

"म्हणजे त्यायनं ते वाचलंच नव्हतं?"

"नाही."

"मले वाटलं वाचलं," ताई म्हणाली. "रॉकेलचं वाचूनच मले घरी जा म्हणून राहिले."