मागून घेतलेल्या महालक्ष्म्या

लग्नानंतरच्या पहिल्या भाद्रपदात शालिनी जगदाळे एक वाक्य बोलून गेल्या. सासूबाई महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे चिंचेने घासत होत्या. नवी सून कौतुकाने म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी मला द्या ना!" सासूबाईंनी हात धुतले, सुनेची ओटी भरली आणि पुन्हा कधी मुखवट्यांना हात लावला नाही. याला एकोणतीस वर्षं झाली.

जगदाळ्यांकडे महालक्ष्म्या देता येत नाहीत, मागून घ्याव्या लागतात. जी सून मागेल तिनंच त्या दरवर्षी घरात आणायच्या, दुसरी मागेपर्यंत. सुचवून मागवलेलं धरत नाहीत. कोलासुराने छळलेल्या बायकांनी गौरीला साकडं घातलं आणि ती धावून आली, ही कथा घरोघरी सांगतात. या घराने तिचा अर्थ असा लावला की देवी हाक मारणारीकडेच जाते. होळकरांच्या पागेतल्या एका पूर्वजासोबत मुखवटे इंदूरला आले तेव्हापासूनचा हा नियम, असं सासरे रघुवीर सांगतात. ते चौऱ्याऐंशीचे आहेत.

शालिनीबाई इंदूरच्याच पलासिया भागातल्या एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवतात. यंदा हैदराबादला त्यांच्या मुलीच्या, तन्वीच्या, सिझेरियनची तारीख नेमकी पूजनाच्या दिवशी आली. पहिलं बाळंतपण, आणि तन्वीला सासू नाही. शालिनीबाईंनी विमानाचं तिकीट काढून ठेवलं.

नवरा मुकुल यांनी वडिलांना विचारून पाहिलं, "बाबा, बाळ झाल्याचं सोहेर लागेल ना? मग सण होणारच नाही."

"मुलगी परगोत्रात गेली. तिच्या बाळाचं सोहेर आपल्याला नाही."

"मतलब नातवंड हुआ, पर हुआ नहीं!" मुकुल हसले. रघुवीर हसले नाहीत.

सासूबाई आता नाहीत. उरली धाकटी जाऊ, वल्लरी. तिचं शहराबाहेर, राऊ गावात नवं घर आहे. आठ दिवस आधी ती फराळाच्या मदतीला आली.

"तुझा हॉल किती मोठा आहे गं," शालिनीबाई म्हणाल्या. "दोघी आरामात उभ्या राहतील."

"हव ताई. तिथे सोफा येतोय."

"तन्वी एकटी आहे तिकडे."

वल्लरीने करंजीची कड मुरडून ताटात ठेवली. "ताई, मला सब समझतं. अकरा वर्षं समझतं आहे. तुम्ही एकदा तोंड उघडलंत आणि भाद्रपदात कुठे हलला नाहीत, ते बघते ना मी. सोळा भाज्या चिरते, पुरण वाटते, भांडी घासते. पण ते मी नाही बोलणार."

"मी तरी कुठे समजून बोलले होते!"

"मालूम आहे. म्हणूनच तर."

शालिनीबाईंना राग आला नाही. तिच्या जागी त्याही गप्प राहिल्या असत्या.

"तू सीधी निघून जा, बाबांना मी बघतो," मुकुल म्हणाले. शालिनीबाईंनी एक रात्र विचार केला. महालक्ष्म्या पेटीत राहिल्या आणि त्याच दिवशी ऑपरेशनच्या टेबलावर काही बिघडलं, तर कारण शोधायला कुणाला लांब जावं लागणार नव्हतं. खुद्द त्यांनाही नाही. त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. सकाळी त्यांनी तिकीट रद्द केलं.

"विसर्जन झालं की येते," त्यांनी तन्वीला फोनवर सांगितलं.

"तोवर सगळं होऊन जाईल, आई."

आवाहनाच्या संध्याकाळी त्या तुळशीपासून रांगोळीच्या पावलांवरून दारापर्यंत आल्या. दोन्ही हातांत मुखवटे होते. उंबऱ्याच्या आत वल्लरी चमच्याने थाळी वाजवत होती.

"कोण आलं?"

"महालक्ष्मी आली."

"कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या पावलांनी आली."

तीनदा विचारून झालं. आत पाऊल टाकण्याआधी शालिनीबाईंनी वल्लरीकडे पाहिलं. मागायचं असेल तर अजूनही मागता येत होतं. वल्लरीने नजर थाळीवरून उचलली नाही.

त्या आत आल्या.